अकरा कांड्या

फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी
माझी सुई झोपते.
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
अर्धा तास आधी बाहेर काढायची,
तिची थंडी मोडू द्यायची, मग टोचायची.
कॅलेंडरवर मी नोंद ठेवते:
डा. मां. म्हणजे डावी मांडी,
उ. पो. म्हणजे पोटाची उजवी बाजू.
सासूबाईंना कितीतरी दिवस वाटत होतं
दुधाचा हिशोब आहे.

पहिल्यांदा डोळे बिघडले.
बसस्टँडवर एका पाटीच्या दोन पाट्या झाल्या.
आमचे हे म्हणाले, बरं झालं,
या गावात निदान तुला तरी दोन पाट्या दिसल्या.
मी म्हटलं, दिसल्या,
पण दोन्ही कन्नडच आहेत वो.
त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो.
नंतर पायातली चप्पल कुठं निसटली
ते मला शंभर पावलं कळलंच नाही.

वडगावच्या आमच्या गल्लीत माग थांबत नाहीत.
खटक-खटक, खटक-खटक, रात्रपाळीलासुद्धा.
म्हणून हुबळीला त्या नळीत मला निजवलं
आणि मशीन कानाशी बडवायला लागलं,
तेव्हा मला गाढ झोप लागली.
बाहेर काढताना पोरगी म्हणाली,
"अक्का, निद्दी हेंग बंतरी निमग?"
म्हटलं, माग चालू असला की येतेच की.

डॉक्टर अंगडींनी फोटो उजेडाला धरला.
मेंदूत पांढरे ठिपके,
कापडात धागा सुटल्यावर दिसतात तसे.
त्यांनी निम्मं कन्नडात सांगितलं, निम्मं इंग्रजीत.
मी सगळं मराठीत ऐकलं.
"बरं होणार का?"
"गेलेलं परत आणता येत नाही.
पुढचं तुटणं कमी करता येतं."
हे मात्र मला लगेच उमगलं.
मामंजींनी मागावर जन्मभर दुसरं काय केलं?

शेजारची शांतव्वा म्हणते, दिसतीस तर चांगली की!
कुणी म्हणतं, सौंदत्तीला जाऊन ये एकदा.
गेले. पायऱ्यांवर सातदा बसले.
देवीला म्हटलं, माझं काही मागणं नाही,
खाली उतरल्यावर संडास जवळ असू दे.
खानापूरला लग्न असलं की
लोक विचारतात, जेवणात काय आहे.
मी विचारते, मंडपापासून मोरी किती लांब.

सासूबाई मायेनं बंब पेटवायच्या,
बाळंतिणीला द्यावं तसं कढत पाणी.
दोन तांबे अंगावर घेतले की
डोळ्यांपुढं धूर, गुडघ्यांचं लोणी.
त्यांना सांगायला वर्ष लागलं.
आता डिसेंबरच्या गारठ्यातही
त्या गार पाण्याची बादली आणून ठेवतात
आणि तोंड फिरवून दार ओढून घेतात.

आधी दिवसाला चाळीस कांड्या भरायची.
आता अकरा.
अकरा झाल्या की आडवं व्हायचं,
भांडी पडू देत, पाहुणा येऊ दे.
अंगात जोर आहे असं वाटलं तरी.
वाटलं की जास्तच.
लोभानं बारावी भरली
तर उद्याच्या चार जातात.
हा हिशोब अंगडींच्या पुस्तकात नाही,
चरख्याजवळच्या भिंतीवर खडूनं आहे,
खोडून खोडून तिथला चुना गेला.

दंडापर्यंत माझा हात पोचत नाही,
तो प्रज्वलाचा.
ती सहावीत, कन्नड शाळेत.
सुई रुतली की हलू नकोस म्हणते
आणि मोजते, वंदु, यरडु, मूरु,
मास्तरणीसारखी, एकही आकडा न गाळता.
हत्तु म्हटलं की कापूस दाबते.
मग हात धुऊन गृहपाठाला बसते,
आणि मी तिच्याकडं बघत नाही.

रात्री ताप भरतो. ठरलेलाच.
गोळी उशाला, ओला पंचा मानेला.
खटक-खटकमध्ये डोळा लागतो.

अडीच वाजता लाईट जाते.
सगळी गल्ली एकदम गप्प,
आणि मी खडबडून जागी.
पाय आधी कुठं आहेत ते चाचपते,
मग भिंत धरून अंधारात
फ्रिजकडं.
दार उघडत नाही, नुसता हात ठेवते.
आत बुधवारची आहे.